अनुभवाच्या रकान्यात एक ओळ

ती ओळ मी लिहिली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुठे स्वतःची बाजू सावरायला लागलो तर तुम्हाला ओळखता येईल. सावरायची सवय जुनी आहे, सहज जात नाही.

माझी एकतीस वर्षं एका वाहतूक कंपनीच्या भरती विभागात गेली. काम काय, तर साहेबांची पत्रं लिहून द्यायची, आलेले अर्ज वाचायचे आणि त्यांचे दोन गठ्ठे करायचे. साहेबांच्या टेबलावर जाणारा गठ्ठा बारीक, कपाटाखाली जाणारा जाड. नव्या पोरांचे अर्ज मी कसे निवडायचो ते ऐकलंत तर मला शिव्या द्याल. नाव वाचायचो नाही, शिक्षण वाचायचो नाही, थेट 'अनुभव' या रकान्यावर बोट ठेवायचो. रकाना रिकामा दिसला की अर्ज कपाटाखाली. पहिल्याच नोकरीला अनुभव आणायचा कुठून, हा प्रश्न मला एकतीस वर्षांत एकदाही पडला नाही. तो पडायला घरातलं माणूस नोकरी शोधायला निघावं लागलं.

घरातलं माणूस म्हणजे माझी भाची. मेव्हणे गेल्यापासून बहीण आणि ती माझ्याच घरी राहतात. भाचीला मी लहानपणापासून 'पट्टी' म्हणतो, कारण ती लाकडी पट्टीसारखी सरळ आहे. शाळेत बाईंनी बेरीज चुकून दोन मार्क जास्त दिले, तर ही परत जाऊन ते कमी करून आली होती. त्या दिवशी मी पोट धरून हसलो होतो आणि बहीण रडायच्या बेतात होती. अशा मुलीचं पुढे कसं व्हायचं, ही आम्हा भावंडांची कायमची काळजी.

पट्टीने अन्नप्रक्रियेचा डिप्लोमा केला आणि सात महिने अर्ज करत बसली. एका ठिकाणाहून बोलावणं येईल तर शपथ. शेवटी एका संध्याकाळी मी तिचा सीव्ही मागून घेतला. उणंपुरं अर्धं पान. अनुभवाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं की दूध डेअरीत एक महिना उमेदवारी केली आणि तिथे अमोनियाची गळती झाल्यास काय करावं याचं प्रात्यक्षिक पाहिलं. मी विचारलं, पाहिलं म्हणजे काय? ती म्हणाली, पाहिलं म्हणजे पाहिलं. अर्ध्या तासाचं होतं, ती मागच्या रांगेत होती, आणि पुढे एक उंच माणूस उभा असल्यामुळे निम्मं दिसलंही नाही. मी म्हटलं, मग त्या उंच माणसाचाही उल्लेख कर ना, एवढं लिहितेसच तर.

मी पेन घेतलं. डेअरीचा महिना तसाच ठेवला आणि प्रात्यक्षिकाच्या जागी लिहिलं: 'अमोनिया गळती सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण. मास्क व इतर साधने हाताळण्याचा आणि कामगारांना प्रशिक्षण देण्याचा अनुभव.' वाचून माझं मलाच बरं वाटलं. ओळ कशी भरदार दिसत होती.

पट्टीने वाचली आणि कागद टेबलावर उलटा ठेवला. तिचं म्हणणं, हे खोटं आहे. माझं म्हणणं, हे थोडं तिखटमीठ आहे. मी तिला समजावलं की नव्या उमेदवाराने चढवून लिहिलेलं असणार हे वाचणाऱ्याला ठाऊकच असतं, तो मनातल्या मनात उतरवून घेतो. तू चढवलंच नाहीस, तर तो तुझ्या खऱ्यातूनही उतरवतो आणि हातात शून्य राहतं. हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो, हीच तर पंचाईत आहे. बहीण माझ्या बाजूने बोलली. शेवटी पट्टीने तो सीव्ही पाठवून दिला.

नवव्या दिवशी फोन आला.

ते एक कोल्ड स्टोरेज होतं, मालगोदामांच्या पलीकडे. मी मुलाखतीला तिच्याबरोबर गेलो होतो आणि फाटकाबाहेर थांबलो होतो. चार मजली उंच इमारत, एकही खिडकी नाही. आत बटाटे, सफरचंदं, लोण्याची खोकी. एका बाजूला मशीनरूम, तिथून बाहेर आलेले मनगटाएवढे जाड पाइप पांढऱ्या बर्फाने मढलेले, आणि बाहेर कडक ऊन. दर थोड्या वेळाने नाकाला काहीतरी बोचायचं आणि डोळ्यांत पाणी यायचं. फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, अमोनिया आहे, सवय होते. त्याचे स्वतःचे डोळे लालभडक होते.

पट्टी दहा मिनिटांत बाहेर आली. मला वाटलं, गेलं. पण नोकरी मिळाली होती. तापमानाच्या नोंदी ठेवायचं काम, दुसऱ्याच दिवसापासून. मॅनेजरने तिला तापमानाबद्दल काही विचारलंच नव्हतं. त्याने सीव्हीवर बोट फिरवत फिरवत एका ओळीवर ठेवलं आणि विचारलं, हे तुम्ही केलंय? ती म्हणाली, हो. बस, एवढंच. ते बोट कसं फिरलं असेल ते मला न बघता दिसलं, कारण तसंच बोट मी एकतीस वर्षं फिरवलं होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. पण मी पेढे घ्यायला वळलो.

त्या रात्री पट्टी जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली.

मॅनेजरला घाई का होती ते पहिल्या आठवड्यात कळलं. कारखान्यांचा सरकारी तपासनीस दोन महिन्यांत येणार होता, आणि सुरक्षेचं काम बघणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. मशीनरूमच्या बाहेर भिंतीवर एक हिरवा फलक होता, 'आपत्कालीन प्रशिक्षित व्यक्ती' असा. त्यावरचा जुना फोटो काढून तिथे पट्टीचा फोटो लावला. तो दाखवायला तिने मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून आणला होता. बहीण कौतुकाने बघत राहिली. मीही बघितला. हिरव्या फलकावर माझी भाची, कॅमेऱ्याकडे न बघता कुठेतरी खाली बघणारी.

दुसऱ्या आठवड्यात मॅनेजरने सांगितलं की सगळ्या कामगारांना मास्कचं प्रशिक्षण द्या, तपासनीस तेच आधी विचारतो. सोळा जण होते. पट्टी घरी आली ती पांढरीफटक. मला म्हणाली, मामा, मी तो मास्क जन्मात हातात धरलेला नाही. मी म्हटलं, त्यात काय एवढं, माहितीपत्रक असेल की. होतं. कपाटाच्या दारावर चिकटवलेलं, खालचा कोपरा फाटलेलं. तिने ते उतरवून आणलं आणि मी त्यावरून तिला फर्डं भाषण लिहून दिलं. खरं सांगतो, मला मजा आली. निवृत्त झाल्यापासून कोणी माझ्याकडून काही लिहून घेतलं नव्हतं.

त्या पत्रकात एक वाक्य होतं. मास्क नीट बसला आहे का हे पाहण्यासाठी श्वास आत ओढावा, मास्क चेहऱ्याला चिकटला पाहिजे. हे मला फार आवडलं. कामगार माणसाला लक्षात राहील असं सोपं. मी भाषणात ते तीनदा घातलं आणि शेवटी खाली रेघ मारली.

प्रशिक्षण झालं. पट्टीने घरी येऊन सगळं सविस्तर सांगितलं. एकेकाने पुढे यायचं, मास्क चढवायचा, श्वास ओढायचा, चिकटला की अंगठा दाखवायचा आणि काढून पुढच्याला द्यायचा. मॅनेजर घड्याळ बघत उभा होता. सोळाच्या सोळा जणांच्या चेहऱ्याला मास्क झकास चिकटला. दुसरा श्वास कोणी घेऊनच बघितला नाही, वेळही नव्हता. फक्त ऑपरेटरकाका कुरकुरले.

हे ऑपरेटरकाका म्हणजे मशीनरूम सांभाळणारे. बावीस वर्षं तिथेच. कंप्रेसरचा आवाज बदलला की झोपेतही उठून बसतील असा माणूस. पहिल्या दिवसापासून त्यांनी पट्टीला धाकट्या बहिणीच्या मुलीसारखं वागवलं होतं. जेवायला आपल्याशेजारी बसवायचे, कुठल्या दारात बोट सापडतं आणि कुठल्या पाइपला हात लावायचा नाही ते सांगायचे. त्यांनी मास्क काढला आणि म्हणाले, "घुसमटतं गं यात."

पट्टीला उत्तर माहीत नव्हतं. तिने माझ्या भाषणातल्या थाटात सांगितलं की घुसमटलं म्हणजेच बरोबर बसलाय, बाहेरचं काही आत येणार नाही. काका म्हणाले, तू शिकलेली, तुला ठाऊक. आणि त्या दिवसापासून ते तिला 'मास्तरीणबाई' म्हणायला लागले. पट्टी हे सांगताना हसत नव्हती. मी मात्र हसलो.

तपासनीस आला. त्याने फलक बघितला, सह्यांचा कागद बघितला, दोघांना मास्क घालायला लावला. दोघांनी अंगठा दाखवला. तो शेरा मारून गेला. मॅनेजरने पट्टीला शाबासकी दिली आणि सांगितलं की पहिल्या वर्गाला तीन महिने झाले की पुन्हा एक वर्ग घ्या. पट्टी आता जेवत होती, पण बोलणं कमी झालं होतं. कधीमधी सांगायची की आज वास जरा जास्त होता. काकांनी एका व्हॉल्व्हला गळती अडवणारं नवं पॅकिंग मागितलंय, मॅनेजर म्हणतो पुढच्या महिन्यात. तिच्या कपड्यांनाही तो वास यायचा. बहीण ते वेगळे धुवायची.

नवा वर्ग जवळ आला तेव्हा पट्टीने एका रविवारी सरावाला म्हणून एक मास्क घरी आणला. काळं रबर, दोन काचा, पुढे हवा गाळणारा हिरवा डबा. मला चेव आला. म्हटलं, आण इकडे, बघू तुमचं यंत्र. जेवणाच्या टेबलाशीच उभा राहून मी तो चढवला आणि श्वास ओढला. मास्क चेहऱ्याला फटकन चिकटला. मी अंगठा दाखवला, बहीण हसली.

मग मी दुसरा श्वास घ्यायला गेलो.

काही आलंच नाही. जोर लावला तसं रबर आणखी घट्ट झालं, डोळ्यांपुढच्या काचा गालात रुतल्या. पट्टा मागे कानाशी अडकला होता. मी हात झाडले, टेबलावरचं पातेलं खाली गेलं. दोघींना आधी वाटलं की मी नाटक करतोय, कारण मी तसा नाटक्या आहे. किती वेळ गेला सांगता येत नाही. बहिणीने पट्टा ओरबाडून काढला तेव्हा मी गुडघ्यांवर होतो आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पट्टी मास्ककडे बघत बसली होती. मी आयुष्यभर कागद वाचलेला माणूस, छापलेलं दिसलं की वाचतो. श्वास जागेवर आल्यावर मी तो डबा उलटा केला. तळाला लाल रबराचं एक बूच होतं आणि कडेने बारीक अक्षरांत छापलेलं, वापरण्यापूर्वी हे बूच काढावे. मी काढलं. मास्क पुन्हा तोंडाशी धरला तर हवा सुरळीत येत होती, आणि तो कुठेही चिकटत नव्हता. माहितीपत्रकाचा फाटलेला कोपरा मला तेव्हा आठवला. डब्याचं तोंड तळव्याने झाकून मग श्वास ओढा, असं काहीतरी तिथे असणार.

पट्टीने डबा माझ्या हातातून घेऊन ते वाचलं. सोळा माणसांना तिने बूच लावलेले मास्क घालायला शिकवलं होतं. दोन महिने ती माणसं रोज त्या पाइपांखाली काम करत होती.

पट्टी म्हणाली, "उद्या सकाळी सगळ्यांना उभं करून सांगते."

आणि मी म्हटलं, नको.

हे मी का म्हटलं ते नीट सांगतो. तिने सांगितलं असतं, तर पहिला प्रश्न आला असता की तुम्हाला कसं माहीत नव्हतं? तुम्ही तर प्रशिक्षण घेतलेल्या. मग सीव्ही निघाला असता. नोकरी गेली असती, ती जाऊ दे, पण तपासनिसाकडे गेलेला कागद खोटा ठरला असता आणि त्यावर सही तिची. पहिल्याच नोकरीत असा डाग लागला की पुढचे सगळे अर्ज कपाटाखाली. मी तिला म्हटलं, काम मास्कचं आहे ना? मग मास्क दुरुस्त कर. बुचं काढून टाक गुपचूप. कोणाला ताकास तूर लागू द्यायची गरज नाही. मास्क चालायला लागले की विषय संपला.

ती म्हणाली, "पण मी त्यांना चिकटला पाहिजे म्हणून सांगितलंय."

मी म्हटलं, चिकटला नाही तर उलट त्यांना बरंच वाटेल, श्वास घेता येतोय म्हणून. आणि पुढच्या वर्गात सहज बोलता बोलता सांगून टाक. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

ती माझ्याकडे बघत होती. त्या बघण्यात माझ्यावर विश्वास होता, हे मला आता सहन होत नाही. मी एकतीस वर्षांचा अनुभवी, माझं तिने ऐकलं. बहीण सगळं ऐकून खाली सांडलेलं पुसत होती.

सोमवारी आणि मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत पट्टीने तिन्ही कपाटांतल्या बारा मास्कची बुचं काढली. जेवणाच्या रिकाम्या डब्यातून घरी आणली. मी ती कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली. त्या रात्री मी गाढ झोपलो. संकट आलं आणि आपण ते शहाणपणाने टाळलं, असं मला वाटत होतं.

गळती झाली ती पुढच्या गुरुवारी, दुपारी अडीचला. तोच व्हॉल्व्ह. नवं पॅकिंग अजून यायचं होतं.

पट्टी पुढच्या कचेरीत होती. भोंगा वाजला तशी सगळी माणसं बाहेर पळाली, वाऱ्याच्या आडव्या बाजूने, तिने शिकवलं होतं तसं. ते तिने बरोबर शिकवलं होतं. फाटकाजवळ मोजणी केली तेव्हा चौदा भरले. मशीनरूममधून पांढरं धुकं जमिनीलगत बाहेर येत होतं. थोड्या वेळाने त्यातून खोकी भरणारी एक मावशी बाहेर आली, तोंडावर ओला टॉवेल, खोकून खोकून वाकलेली. ऑपरेटरकाका आतच होते. पट्टी आत जायला निघाली, तर दोघांनी तिला धरून ठेवलं. अग्निशमनवाले यायला अकरा मिनिटं लागली. काकांनी तोवर मुख्य व्हॉल्व्ह बंद केला होता. त्यांना उचलून आणलं तेव्हा त्यांचे डोळे उघडत नव्हते आणि तोंडावर मास्क नव्हता.

मावशीने नंतर सांगितलं ते असं. काका आधी कपाटाशी गेले. मास्क चढवला, श्वास ओढला, काढला आणि फेकून दिला. दुसरा चढवला, तोही काढला. तिसरासुद्धा. मावशी ओरडली, अहो घाला काहीतरी. ते म्हणाले, सगळे बिघडलेत, एकही चिकटत नाही. मग तिच्या हातात ओला टॉवेल देऊन तिला दाराकडे ढकललं आणि स्वतः तसेच व्हॉल्व्हकडे गेले.

पट्टीने हे मला सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. मला वाटतं, रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

चौकशी झाली. मास्कच्या कंपनीचा माणूस आला, त्याने जमिनीवरचे तिन्ही मास्क तपासले आणि लिहून दिलं की तिन्ही चालू स्थितीत आहेत. मॅनेजरकडे प्रशिक्षणाचा कागद होता, त्यावर काकांची सही आणि पट्टीची सही. साधनं ठीक, प्रशिक्षण ठीक, म्हणजे चूक कोणाची? अहवालाचा मसुदा पट्टीच्या टेबलावर आला. त्यात म्हटलं होतं की अनुभवी कामगाराने घाबरून सूचना मोडल्या आणि चालू मास्क फेकून दिले. प्रशिक्षित व्यक्ती म्हणून तिने खाली सही करायची होती. मॅनेजर म्हणाला, घाई नाही, सोमवारी करा.

ती मसुदा घेऊन घरी आली आणि म्हणाली की सही करणार नाही, खरं काय ते स्वतःच्या हाताने लिहून देणार. मी म्हटलं, ठीक आहे, मी मांडून देतो व्यवस्थित. तोंडातून निघूनच गेलं.

ती म्हणाली, "नको, मामा. हे मी लिहीन."

पण लिहून देण्याआधी काकांना सांगायचं, असं तिचं होतं. दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. रविवारी आम्ही दोघं हॉस्पिटलला निघालो. वाटेत तिने मला एकच गोष्ट विचारली. ती म्हणाली, "माझं मी सांगेन. तुझं तू सांगशील ना?" मी म्हटलं, हो, म्हणजे काय. आणि तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

जळीत विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. लांब खोली, सहा पलंग, खिडक्यांना पडदे ओढलेले. काका शेवटच्या पलंगावर. दोन्ही डोळ्यांवर जाड पट्ट्या, मान आणि हात औषधाने चकाकत होते. बायको डॉक्टरांना गाठायला गेली होती. एका डोळ्याची आशा नाही, दुसऱ्याचं आठवडाभराने कळेल, असं बाहेर नर्सने सांगितलं होतं. पट्टीने जाऊन त्यांच्या पलंगाची कड धरली आणि नुसतं "काका" म्हटलं.

त्यांनी आवाज ओळखला. बोलायला त्रास होत होता, घसा सोलवटलेला. म्हणाले, "मास्तरीणबाई, आलीस होय. तुलाच विचारायचं होतं." थांबून श्वास घेतला. "तीन घातले बघ मी. जोर लावून ओढलं. एकही चिकटला नाही. माझंच काय चुकलं, सांग. पुढच्या वेळी इतरांना सांगता येईल."

पट्टीने त्यांना सांगितलं. उभ्या उभ्या, आवाज न चढवता, सगळं. मास्क चिकटायचाच नव्हता हे सांगितलं. बुचाचं सांगितलं. बुचं तिने काढली आणि कोणाला बोलली नाही हे सांगितलं. तिने तो मास्क वर्गाच्या दिवसापर्यंत कधी हातात धरला नव्हता हेही. तिने कुठेही रडगाणं गायलं नाही आणि कुठलीही गोष्ट माझ्यावर ढकलली नाही. बुचं गुपचूप काढायची अक्कल कोणाची, ते तिने वगळलं.

शेजारच्या पलंगावरच्या माणसाची मुलगी त्याला चमच्याने पाणी पाजत होती, तिचा चमचा थांबला होता. मग काकांनी विचारलं, "मग तुझ्या कागदावर ते लिहिलेलं कसं? मॅनेजर मला दाखवत होता, बघा, शिकलेली मुलगी आणलीय म्हणून."

"ते माझ्या मामाने लिहिलं," पट्टी म्हणाली.

"मामा होय." काकांनी पट्ट्या बांधलेला चेहरा थोडा वळवला. "आलेत का ते तुझ्याबरोबर?"

पट्टीने माझ्याकडे बघितलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. मला दोन शब्द बोलायचे होते, मी आहे, एवढेच. एकतीस वर्षांत मी लोकांच्या वतीने हजारो वाक्यं लिहिली असतील. तोंड उघडलंही असेल, मला आठवत नाही. पट्टी थांबली. तिने मला भरपूर वेळ दिला, कोणी म्हणू नये की दिला नाही. काकांचा चेहरा तसाच वळलेला होता, उत्तराची वाट बघत.

मग तिने नजर काढून घेतली.

"नाही, काका," ती म्हणाली. "मी एकटीच आलेय."

ती हे इतकं सहज बोलली की मीसुद्धा विश्वास ठेवला असता.